बिनकडीची बाटली

“सर, बाटली पडली.”

“मग उचल की, संदीप.”

“वरनं पडली, सर.”

हातातला चहा मी टेबलावर ठेवला. फोनवर वाऱ्याचा आवाज येत होता आणि त्यामागं कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं.

“कुणाला लागलं?”

“माणसाला न्हाई. बिराप्पा मामांच्या मेंढीला. जागेवर गेली सर.”

मी पवनचक्क्यांच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. ऑफिस सांगलीला, पवनचक्क्या काही साताऱ्याच्या पठारावर आणि बाकीच्या जतच्या माळावर. सेफ्टी ऑफिसर म्हणजे कुणाचं काही वाईट झालं की ज्याला पहिला फोन येतो तो. काही झालं नाही, तर हा माणूस नेमका करतो काय, असा प्रश्न सगळ्यांना पडतो. घरीसुद्धा.

पवनचक्कीच्या खांबाच्या टोकावर पात्यांच्या मागं एक खोली असते. तिला नॅसेल म्हणतात. खालून काडेपेटीएवढी दिसते, आत गेलं की एसटीच्या गाडीएवढी निघते. दुरुस्ती असली की चक्की बंद करून आमची मुलं शिडीनं वर चढतात आणि दिवसभर तिथंच असतात. हत्यारं, डबा, पाणी सगळं बरोबर. वर नेलेली प्रत्येक वस्तू दोरीनं कशाला तरी अडकवलेली पाहिजे, हा आमचा पहिला नियम. पान्ह्याला दोरी, हेल्मेटला दोरी, मोबाईललासुद्धा.

मग बाटलीला का नव्हती? ती बाटली मी निवडली होती, म्हणून सांगतो.

पूर्वी मुलं दुकानातली प्लास्टिकची बाटली न्यायची आणि रिकामी झाली की माळावर टाकायची. जतचा वारा ती लांबवर फिरवायचा. खांबाच्या आसपास मेंढरं चारणारे बिराप्पा मामा एकदा मला आडवे आले.

“आवं सायेब, तुमच्या बाटल्यांची बुचं माझी मेंढरं चावत्यात. प्वाटात गेलं तर काढणार कोन? तुमी?”

त्यांचं म्हणणं मला पटलं. प्लास्टिकची बाटली बंद, प्रत्येकाला पुन्हापुन्हा वापरता येईल अशी एक चांगली बाटली, असा प्रस्ताव मी केला. पुण्याच्या मुख्य ऑफिसातून मंजुरी आली आणि निवड माझ्याकडंच सोपवली.

मी जैन घरातला. आमच्याकडं पाणी गाळून, उकळून पितात. त्यामुळं पाण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये, असं मला मनातून वाटायचं. घरी नमुन्यांची रांग लागली. तांब्याच्या बाटल्या पहिल्यांदा बाद केल्या, कारण मुलं त्यात लिंबू-सरबत नाहीतर ताक भरणार आणि ते कळकणार. ॲल्युमिनियमच्या बाटलीला आतून लेप असतो. तो खरवडला की संपलं, म्हणून तीही बाद. काच वर नेणं शक्यच नव्हतं. राहिलं स्टील. बुडाला चुंबक लावून बघितला. चांगल्या प्रतीच्या स्टीलला तो सहसा चिकटत नाही, निदान घट्ट तरी नाही. गरम पाणी भरून ठेवलं, थंड झाल्यावर वास घेतला, चव घेतली. तोंड एवढं रुंद पाहिजे, की आत हात घालून घासता येईल.

सुनंदा, म्हणजे आमची बायको, ओट्यावर जागा नाही म्हणून पोळपाट मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, “लेकीसाठी स्थळ बघताना एवढं वास घेत बसू नका म्हणजे झालं.”

शेवटी दोन बाटल्या राहिल्या. दोन्हींचं स्टील सारखंच. एकीच्या झाकणावर प्लास्टिकची कडी होती, दुसरीचं झाकण सपाट, सगळं स्टीलचं. मी दुसरी निवडली. प्लास्टिकमुक्त म्हणजे प्लास्टिकमुक्त. त्या झाकणाला आतून नुसती एक सिलिकॉनची रिंग होती. जतच्या साईटवर वाटप झालं तेव्हा मी छोटं भाषणही केलं. मुलांना बाटली आवडली. पाणी गार राहायचं. बिराप्पा मामांनी एक हातात घेऊन तोलून बघितली आणि म्हणाले, “लय जड हाय. पन झ्याक हाय.” मामांनाही एक दिली.

आम्ही सगळ्यांनी ती बघितली. कडी नाही म्हणजे ती कशालाच अडकवता येणार नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही, मुलांच्याही आलं नाही आणि पुण्यालाही नाही. प्लास्टिकची बाटली हत्यारांच्या पिशवीच्या कप्प्यात बसायची. ही जाड होती, बसेना. मुलं ती पंच्यात गुंडाळून वर न्यायला लागली. पाणी पिण्याच्या बाटलीला कुणी हत्यार समजत नाही.

फोन ठेवून गाडी काढली, ती थेट जत. डोक्यावर ऊन तापलेलं. त्या माळावर झाड म्हणून नाही. दुपारी सावली असते ती एका खांबाची, जाड पट्ट्यासारखी. मेंढरं त्या पट्ट्यात एकामागं एक उभी राहतात, सावली सरकली की तीही सरकतात. काम चालू असताना खांबाभोवती दोरी बांधून आत कुणाला येऊ द्यायचं नसतं. पण मेंढरांना दोरीखालून जायला काय लागतं? आणि मुलं त्यांना हाकलायची नाहीत. मामा चहाला दूध द्यायचे, मुलं मामांना डब्यातली भाजी. दुपारी खांबाखाली त्यांची बैठक असायची.

संदीप खांबाच्या दारापुढच्या पायरीवर बसला होता. इस्लामपूरकडचा पोरगा, आमच्याकडचा सगळ्यात सावध चढणारा. तोंड पांढरं पडलेलं.

“झरोक्याच्या कडंला ठेवली होती, सर. वळलो आन् कोपर लागलं. वरडलो मी, पन एवढ्या उंचीवरनं कुनाला ऐकू जातंय?”

बाटलीला एक पोचा आला होता. बाकी उत्तम. झाकणसुद्धा निघालं नव्हतं.

बिराप्पा मामा मेंढीशेजारी उकिडवे बसले होते. मी जवळ जाऊन बसलो.

“गाभन हुती,” ते म्हणाले. मग संदीपकडं बघून, “त्या पोराला काय करू नका सायेब. मगाधरनं थरथरतंय. मी इथंच टेकून बसतो रोज. आज बिडी आनाया उठलो हुतो.”

मी मान वर करून नॅसेलकडं बघितलं.

भरपाई कंपनीनं दिली, त्यात खळखळ झाली नाही. संदीपची नोकरीही राहिली. रिपोर्टमध्ये मी स्पष्ट लिहिलं, की चूक माणसाची नाही, बाटलीच्या निवडीची आहे आणि ती निवड माझी आहे. उपाय म्हणून कडीची बाटली सुचवली. रिपोर्टमध्ये सगळं लिहावं लागतं, म्हणून हेही लिहिलं, की घटनेच्या वेळी जनावरं धोक्याच्या हद्दीत होती. एवढं एकच वाक्य.

पुण्याच्या साहेबांनी नेमकं तेच उचललं.

“चौगुले, जनावरं आत येतातच कशी?”

“साहेब, सावलीला येतात. प्रश्न बाटलीचा आहे. जतच्या शिंप्याकडून कॅनव्हासच्या पिशव्या शिवून घेतल्यात, हुक लावून. आता बाटली पडणारच नाही.”

“छान केलंत. पण उद्या माणूस बसला असता तर? कुंपण घाला.”

“काम असेल तेवढे दिवस मेंढरं लांब ठेवू. मी मामांशी बोलतो. बाकीचे दिवस चक्की बंद नसते, वर कुणी नसतं.”

“मामांशी बोलून ऑडिट पास होतं का हो?”

खरं तर मीच साहेब असतो, तरी हेच विचारलं असतं. सेफ्टीच्या नोकरीत ‘उद्या माणूस असता तर’ या प्रश्नापुढं कुणाचं काही चालत नाही. ते वाक्य मीच किती जणांच्या तोंडावर टाकलंय.

जाळीचं कुंपण झालं, कुलपाचं फाटक झालं. मामांना सांगायला मीच गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

“ह्यापरीस बुचं ग्वाड हुती म्हनायची सायेब,” एवढंच म्हणाले आणि मेंढरं वळवून ओढ्याकडं गेले. ओढ्यात पाणी नसतं, पण काठाला थोडी बाभूळ आहे. लांब पडते.

कुणी मला बाटली कुठली घ्यावी विचारलं, की मी अजूनही सांगतो. स्टील बघा, तोंड रुंद बघा, वास घ्या. आणि ती हातातून सुटली तर खाली कोण बसलंय, तेही बघा. तोवर पुढच्याला कंटाळा आलेला असतो.

जतच्या साईटवर त्यानंतर एकही वस्तू पडलेली नाही. ऐन उन्हात खांबाची सगळी सावली कुंपणाच्या आत पडते. आमच्या फाईलवर ‘सुधारणा पूर्ण’ असा शेरा आहे. तो खोटा नाही. खाली आता कुणीच बसत नाही.