औषधाचं पाणी

आईच्या कॅन्सरवर सोलापूरला सुया चालू होत्या तेव्हाची गोष्ट. तिचे डोक्याचे केस गेले, पापण्यांचे गेले, आणि डोळ्यांना जी धार लागली ती थांबेचना. डॉक्टर म्हणाले, औषधाचा परिणाम आहे, सुया संपल्या की थांबेल. तोवर आई कांदा न चिरताच रडायची आणि त्याच डोळ्यांनी हसायची.

त्यातच माझी सोयरीक आली. उदगीरचं घर, मुलगा मला मनापासून आवडलेला. पण सासूबाईंना नोकरी करणारी सून नको होती आणि मला भालकीची शाळा सोडायची नव्हती. शाळा सुटणार असेल तर लग्नच नको, असं मी घरात ठणकावून सांगितलं होतं.

सुपारी फोडायला पाहुणे आले. सासूबाई म्हणाल्या, "लग्नानंतर पोरीनं घर बघायचं." आई पदराने डोळे टिपत होती.

"बाई, कामून रडायलाव?"

"रडत न्हाई वो, औषधाचं पाणी हाय," आई खरं तेच बोलली. तिचं दुखणं त्यांना ठाऊक होतं, पण औषधाने डोळ्यांना पाणी येतं हे कोण मानणार? आणि पोरीच्या आईच्या डोळ्यांत पाणी असताना सुपारी फोडायची नाही, ही त्यांच्या घरची रीत. सासरे अडकित्ता धरून ताटकळले.

"बरं, लेकरं होईपर्यंत करू द्या शाळा," सासूबाई म्हणाल्या.

पाणी चालूच.

"बरं माय, जलमभर करू द्या! पर आता डोळे पुसा."

मी दारामागे तोंडात पदर कोंबून हसत होते. आईने भिंतीकडे वळून डोळे खसाखसा पुसले आणि पुढचा थेंब यायच्या आत सासऱ्यांनी सुपारी फोडली.

सुया संपल्या. बस्ता बांधायला गेलो तेव्हा आईचे डोळे कोरडे. सासूबाई तिला न्याहाळत राहिल्या, मग दुकानातच कपाळावर हात मारून हसल्या. "लई फसवलाव की वो मला!" दिलेला शब्द मात्र त्यांनी कधी मागे घेतला नाही. म्हातारी होईपर्यंत मी शाळा केली.

पाठवणीच्या वेळी मी गाडीत बसले आणि आईचे डोळे पुन्हा वाहू लागले. सासूबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "औषधाचंच हाय ना?"

"न्हाई अक्का," आई म्हणाली, "हे माझं हाय."