गाणाऱ्या मुलीची मान

लांब केसांचा एक मुलगा माझ्या स्टुडिओत पासपोर्टचा फोटो काढायला आला, तिथून हे सगळं सुरू झालं. केस खांद्याच्या खाली, अंगात काळा टी-शर्ट, त्यावर कवटी, आणि बाहेर नागपूरचा मे महिना. मी म्हटलं, केस मागे बांध, चेहरा पूर्ण दिसायला पाहिजे. त्याने बांधले, तर आतून इतका सौम्य चेहरा निघाला की मला हसूच आलं. जाताना तो दारात थांबला.

"काका, तुमी बँडचे फोटो काढता का जी?"

"काढतो ना. प्रत्येक वरातीत काढतो."

"तसा बँड नाही जी. आमचा बँड."

मी पंचवीसेक वर्षं लग्नाचे फोटो काढत आलो आहे. नवरीने मान किती कलवायची, नवऱ्या मुलाने पोट कधी आत घ्यायचं, हे मला झोपेतही सांगता येईल. त्या रविवारी दुपारी मी कुतूहलापोटी कॅमेरा घेऊन गेलो. एका शिकवणी वर्गाचा सुट्टीच्या दिवशी रिकामा असलेला हॉल होता. बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर बीजगणिताचं अर्धवट गणित, आणि त्याच्यासमोर काळ्या कपड्यांतली साठ-सत्तर मुलं. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा मला वाटलं कूलर फुटला. दुसऱ्या गाण्याला मी कानात कापूस घातला. तिसऱ्याला माझ्या लक्षात आलं की इथे कोणीही माझ्याकडे बघून पोझ देत नाहीये. इतक्या वर्षांत हे माझ्यासोबत पहिल्यांदा होत होतं.

मग मी जातच राहिलो. या काळ्या कपड्यांतल्या मेटलवाल्यांच्या मागोमाग रॅप करणारी मुलं भेटली. ती संध्याकाळी फुटाळा तलावाच्या पायऱ्यांवर गोल करून उभी राहायची. त्यातल्या एकाच्या आजोबांची भीमगीतांची पार्टी होती. तो म्हणायचा, आमच्या घरी हे आधीपासूनच आहे, मी फक्त पेटी सोडली. लग्नसराई संपली की मी मोकळाच असायचो. कार्यक्रमाच्या जागी एका कोपऱ्यात राखाडी पडदा टांगायचा, आणि गाऊन-वाजवून उतरलेल्यांना एकेक करून त्याच्यासमोर उभं करायचं, अशी माझी पद्धत बसली. आधी सगळे जीभ काढायचे, बोटांची शिंगं करायचे. मी कॅमेरा खाली धरून थांबायचो. करून करून थकले की हात खाली यायचे, श्वास जोरात चाललेला असायचा, घामाने केस कपाळाला चिकटलेले असायचे. तेव्हा मी बटण दाबायचो.

त्या लांब केसांच्या मुलाच्या बँडमध्ये गायला एक मुलगी होती. सावनेरची. वडील कोळशाच्या खाणीत नोकरीला, आई घरी. ही इथे नागपुरात, बेसा भागात मैत्रिणींसोबत खोली करून राहायची आणि एका नर्सरीत शिकवायची. आठवडाभर चिमण्या-पाखरांची गाणी, आणि रविवारी माईक हातात घेतला की पोटातून असा गुरगुराट काढायची की हॉलच्या काचा थरथरायच्या. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आवाज कोणाचा म्हणून तिच्या मागे बघितलं होतं.

तिचा एक फोटो मला फार चांगला साधला. डोळे मिटलेले, हनुवटी पुढे, आणि मानेच्या शिरा दोरखंडासारख्या ताठ. प्रकाश नेमका त्या शिरांवर पडला होता. तो मोठा करून मी स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला. लग्न ठरलेल्या मुली आयांसोबत आल्या की आधी त्या फोटोसमोर दचकायच्या. बायको म्हणाली, "गिऱ्हाईक पळवून राहिले तुमी." पण मी काही तो काढला नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिचा आवाज फाटायला लागला. आधी तिला वाटलं उन्हाचा त्रास असेल. गुळण्या केल्या, काढा घेतला, दोन कार्यक्रम रद्द केले. मग बोलतानाही आवाज मध्येच गायब व्हायला लागला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतूवर गाठ आहे. काढावी लागेल, आणि काढून तपासायला पाठवावी लागेल. काय आहे ते त्यानंतरच कळेल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती स्टुडिओत आली. सोबत आई होती, सावनेरहून सकाळच्या बसने आलेली. मुलीने घोगऱ्या, तुटक आवाजात सांगितलं, "काका, गातानाचे खूप झाले. न गातानाचा एक काढून द्या."

उद्यानंतर आवाज कसा निघेल, निघेल की नाही, हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मी पडदा सारखा करत होतो तेव्हा आई बाहेर काचेपाशी उभी राहिली होती. पोरगी बँडमध्ये गाते एवढंच तिला माहीत होतं. गाते म्हणजे काय करते, ते तिने कधी पाहिलं नव्हतं. ती आत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"तो बाहेरचा फोटो हिचाच आहे का जी?"

"हो," मी म्हणालो.

ती मुलीकडे वळली. "काहून वं, इतकं दुखते तुले गाताना?"

मुलगी म्हणाली, "नाही वं माय, दुखत नाही." पण ते म्हणतानाच तिचा हात गळ्याकडे गेला.

मी तिला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं. फ्लॅश लावला नाही. तिने शिंगं केली नाहीत, जीभ काढली नाही. पांढरी सुती कुर्ती घालून, हात मांडीवर ठेवून ती बसली, आणि मी तिच्या चेहऱ्यात भीती सोडून दुसरं काही शोधत राहिलो. सापडलं नाही. शेवटी मी भीतीचाच फोटो काढला. आई बाजूच्या खुर्चीवर पदर तोंडाला लावून बसली होती. मुलीने तो फोटो कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर पाहिला आणि मान हलवली. असाच हवा होता की आता इलाज नाही म्हणून चालेल, ते मला कळलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. पण डॉक्टरांनी बोलायला पूर्ण बंदी घातली होती. कुजबुजसुद्धा करायची नाही. ती मोबाईलवर टाइप करून आईला दाखवायची, आणि आईला चष्म्याशिवाय वाचता यायचं नाही आणि चष्मा सावनेरलाच राहिला होता, म्हणून आई ते बँडच्या मुलांकडून वाचून घ्यायची. पाळीपाळीने ती पोरं दवाखान्यात आणि मग खोलीवर येऊन बसायची. कवट्यांचे टी-शर्ट घातलेली, दंडावर साप गोंदवलेली मुलं "ती म्हणते, वरणात मीठ कमी आहे" असं मोठ्याने वाचून दाखवत होती. आईने त्यातल्या दोघांना भाजी निवडायला बसवलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तपासणीचा रिपोर्ट यायचा होता, तेवढे दिवस मी काचेतल्या त्या फोटोकडे बघायचं टाळलं. दुकान उघडताना मान खाली घालून कुलूप काढायचो.

रिपोर्ट आला त्या दिवशी मी एका हळदीच्या कार्यक्रमाला होतो. नवरीच्या गालाला मावशी हळद लावत होती आणि माझ्या खिशात फोन वाजत होता. एरवी मी कामात फोन घेत नाही. त्या दिवशी घेतला. पलीकडून आई नुसती रडत होती.

"काय झालं, सांगा ना बाई!"

"साधी गाठ निघाली जी," ती म्हणाली. "साधी! डॉक्टर म्हणे, भ्यायचं काम नाही. माह्या पोरीले काही नाही झालं."

मी मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिलो. नवरीचे काका जवळ आले, म्हणाले, "काय झालं फोटोग्राफर, तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, एकदम बरी आहे. मग मी त्या हळदीचे इतके फोटो काढले की मावशी म्हणाली, आता पुरे करा, आम्हालाही नाचायचं आहे.

पुढे आवाज परत बसवण्यासाठी डॉक्टरांनी तिला एका स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. त्या बाईंनी विचारलं, तू गातेस कशी, ते दाखव. आता तिला तर अजून गायचीच काय, बोलायचीही परवानगी नव्हती. तिने मला निरोप पाठवला, आणि मी माझ्याकडचे तिचे सगळे फोटो लॅपटॉपवर घेऊन गेलो. तो काचेतलाही घेतला. खरं सांगायचं तर थोडा मिरवायलाच घेतला होता.

बाईंनी तोच फोटो सगळ्यात जास्त वेळ पाहिला.

"फोटो सुंदर आहे," त्या म्हणाल्या, "पण गळ्याचे हाल आहेत." मग पेनाच्या टोकाने त्यांनी एकेक दाखवलं. हनुवटी पुढे ताणलेली. खांदे कानांपर्यंत चढलेले. शिरा फुगलेल्या, म्हणजे सगळा जोर घशावर. "हा आवाज असा काढायची गरजच नाही. पोटाच्या आधाराने, घसा मोकळा ठेवून काढता येतो. शिकावं लागेल."

आई लगेच म्हणाली, "म्हणजे ते ओरडणं बंदच करा लागते ना, मॅडम?"

"ओरडणं तर बंद करायलाच पाहिजे," बाई म्हणाल्या, आणि मुलीला विचारलं, "दिवसभर काय करतेस?"

मुलीने मोबाईलवर लिहिलं. मी वाचलं. नर्सरीत शिकवते. वर्गात चाळीसेक पोरं आहेत. दुसरी शिक्षिका रजेवर असली की दोन वर्ग.

बाई हसल्याच. "मग हिच्या गाण्याला एकट्याला काहून दोष देता? ती रविवारी तासभर गाते, आणि सोमवार ते शनिवार ओरडते. अर्धी गाठ त्या वर्गाची आहे."

आईचं तोंड बघण्यासारखं झालं. तिने सावनेरला सगळ्या आळीत सांगितलं होतं की पोरीची शिक्षिकेची नोकरी आहे, आणि बँडचं नाव कोणापाशी काढलं नव्हतं. बाहेर पडल्यावर ती कठडा धरून जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली. मग म्हणाली, "वर्गात घंटी वाजवत जा ना वं. काहून बोंबलते?" मुलगी आवाज न करता हसली, खांदे हलवून. खूप दिवसांनी तिला हसताना पाहत होतो.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. ती नळीतून पाण्यात बुडबुडे काढायची, ओठ फुरफुरवायची, छातीवर हात ठेवून 'म' म्हणत बसायची. वर्गासाठी तिने पितळेची घंटी घेतली. बाईंनी हो म्हटल्यावर थंडीत एका रविवारी बेसाच्या एका हॉलमध्ये बँडने कार्यक्रम ठेवला, भर दुपारी. आई पहिल्या रांगेत, खुर्चीच्या कडेवर बसली होती. मी माझ्या नेहमीच्या जागी, मंचाच्या डावीकडे.

पहिल्या ओळीला मी श्वास रोखला. आवाज आला. तोच, जमिनीखालून यावा तसा. कदाचित आधीपेक्षा भरीव. सवयीने मी तिच्या मानेवर लेन्स नेली. तिथे काही नव्हतं. मान सरळ, शिरा कुठेच दिसत नव्हत्या, खांदे खाली. इतका मोठा आवाज आणि चेहरा असा, जणू ती कोणाला रस्ता सांगते आहे. मी कॅमेरा डोळ्याला लावून नुसता बघत राहिलो. एक गाणं मी बटणच दाबलं नाही. काय टिपायचं तेच कळेना. मग दिसलं की कमरेवर ठेवलेला तिचा डावा हात प्रत्येक श्वासाबरोबर वर-खाली होतो आहे, आणि डोळे उघडे आहेत. आधी ती कायम डोळे मिटून गायची. आता ती समोरच्या मुलांकडे बघत होती, ओळखीचं कोणी दिसलं की भुवई उडवत होती. तेच काढत गेलो. त्यातला एकही फोटो बघून कोणी दचकणार नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. छातीवरचं ओझं उतरलं होतं, एवढंच जाणवत होतं.

कार्यक्रमानंतर ती खाली उतरली तेव्हा आईने आधी पाण्याची बाटली दिली आणि मग तिच्या गळ्याला हात लावून पाहिलं, ताप बघतात तसा.

"बोल काहीतरी," आई म्हणाली.

"काय बोलू वं?"

"बस. झालं."

मी राखाडी पडद्यासमोर बँडला उभं केलं. पाच जण, सगळे काळ्यात, सगळ्यांचे चेहरे कोणाला तरी पोचवायला स्मशानात निघाल्यासारखे. आई माझ्या मागे उभी राहून बघत होती. तिला राहवलं नाही.

"असे काहून उभे राहिले रे तुमी? काही वाईट झालं का? हसा ना!"

"काकू, मेटलवाले हसत नसतात जी," ड्रमवाला म्हणाला.

"माह्या हातचं वरण खाताना तर हसत होते."

तो लांब केसांचा मुलगा आधी फिसकन हसला, मग बाकीचे. मुलगी इतकी हसली की तिला पोट धरून वाकावं लागलं. मी पटापट बटण दाबत राहिलो. मग कोणीतरी आईला हाताला धरून मध्ये ओढलं, आणि ती हिरव्या काठाची साडी सारखी करत, नको रे, नको रे म्हणत उभी राहिली.