दहा सेंटिमीटर सोडून

कारखान्यात चौतीस वर्षं फिटर म्हणून काढल्यावर नरहरकाकांचं सगळं जग मिलिमीटरमध्ये मोजलं जाऊ लागलं होतं. तिथल्या ड्रॉइंगवर मापं मिलिमीटरमध्येच असत. इंद्रपुरीतल्या आमच्या गल्लीत भाजीची गाडी फाटकाला आडवी आली की ते म्हणत, "भैया, छह सौ आगे लो." भाजीवाला बिचारा कशाचे सहाशे म्हणून बघत राही.

त्यांच्याबरोबर एकाच दिवशी नोकरीला लागलेले शांतारामकाका मात्र पुढे फोरमन झाले होते. त्यांना कोपऱ्यातलं आवारवालं क्वार्टर मिळालं होतं. त्यांच्या सुनेला मोदक वळता येत होते. हे सगळं नरहरकाकांना पाठ होतं आणि त्यात सगळ्यांत वर होती ती टेप.

आमच्या मराठी मंडळाच्या दरवर्षीच्या खेळांत लांब उडी मोजायला हे दोघे असत. वाळूत जिथे टाच उमटली तिथे नरहरकाका उकिडवे बसून टेपचं टोक धरत. उडीच्या फळीपाशी शांतारामकाका आकडा वाचत आणि माइकवर सांगत. टेपचं पुढचं टोक कधीच तुटलं होतं, म्हणून खुणेवर दहाचा आकडा धरायचा आणि वाचताना दहा सेंटिमीटर वजा करायचे, असं ठरलेलं. एकोणीस वर्षं दहावर बोट यांचं, टाळ्यांतला आवाज त्यांचा.

या जानेवारीत खेळ सुरू होण्याआधी नरहरकाकांनी मैदानावरच मंडळाच्या सेक्रेटरी पल्लवीताईंना सांगून टाकलं, "यंदा वाचणार मी."

"घे की," शांतारामकाका म्हणाले. "मला बसायलाच मिळेल."

इतकं सहज दिलेलं काकांना लागलं. मी मापं लिहायला फळीशेजारी वही घेऊन बसले होते, मला ऐकू जाईल एवढ्यानं ते पुटपुटले, "नको असलेलं देतोय."

मुलींच्या गटात शमिका चार मीटर पंचवीसवर पहिली होती. शेवटची उडी जुईची. तेरा वर्षांची, तीन वर्षं दुसरी येणारी. ती धावत आली, उठली आणि शमिकाच्या खुणेपासून चांगली वीतभर पुढे पडली. सगळ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. तिची आई उभी राहिली.

टेप ताणली गेली. काका फळीवर वाकले आणि आकडा न वाचताच थांबले.

"हा दहावर धरतोय की तुटक्या टोकावर?" ते मला म्हणाले. "टोकावर धरलं असेल तर दहा वजा करून मी पोरीचं माप कापणार. मग उद्या हा गावभर हसायला मोकळा. दिलं एकदा वाचायला, तर बघा काय केलं."

"काका, आधी वाचा तरी."

ते टेप सोडून निघाले होते. कडेनं जाऊन ते वाळूत उतरले, शांतारामकाकांच्या बोटावर वाकले. बुटाखालची भुसभुशीत वाळू सरकली, टेप हलली आणि जुईच्या टाचेची खूण बुजली.

बोट दहावर होतं.

"बघायला आलास होय?" शांतारामकाका म्हणाले. "मी नाही रे आलो कधी."

खूण गेली म्हणजे माप गेलं. जुईला पुन्हा उडी मारायला लावली. ती मागे चालत गेली आणि पुन्हा धावत आली. टेपवर चार मीटर एकोणतीस आलं. काकांनी दहा वजा केले, माइक हातात घेतला आणि चार मीटर एकोणीस सेंटिमीटर असं स्वच्छ सांगितलं. टाळ्या शमिकासाठी वाजल्या. जुईच्या आईला शांतारामकाका समजावत होते, "वाळूच तशी आहे हो, नरहरचा काय दोष."

परतताना काका माझ्याबरोबर होते.

"एकोणीस वर्षं," नाक्यापाशी ते म्हणाले. "एकदासुद्धा उठून आला नाही तो. मी काय धरलंय, बघायला."

मला वाटलं, आता जुईचं काही बोलतील. पण आवाज तोच होता, फोरमनकीची आणि कोपऱ्यातल्या क्वार्टरची गोष्ट सांगतानाचा.

"इतकं निवांत राहता येतं माणसाला," ते म्हणाले. "तेही त्यालाच मिळालंय."