नाक बधिर करायचं औषध

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. माझे यजमान सीताबर्डीवरच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. माणूस अबोल. घरी पाहुणा आला की "बसा" म्हणायचे आणि आत निघून जायचे. नाकाचं हाड वाकडं, त्यामुळे झोपेत तोंडाने श्वास आणि सकाळी डोकेदुखी. शेवटी डॉक्टरांनी लहानसं ऑपरेशन सांगितलं. पूर्ण भूल द्यायची गरज नव्हती, नाक बधिर केलं की पुरे.

त्या दिवशी सिस्टरने औषधात भिजवलेल्या लांब पट्ट्या चिमट्याने त्यांच्या नाकपुड्यांत भरल्या आणि आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. थोड्याच वेळात हे बोलायला लागले.

"अवं, आपण प्रताप नगरकडे प्लॉट घेऊ! उद्याच पाहाले जाऊ. मालकाले सांगतो, मले फोरमन करा. काहून नाही करणार?"

आवाज गेंगाणा, पण शब्द थांबेनात. समोरच्या अनोळखी बाईंनाही ते आमचा संसार सांगू लागले. मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. मग त्यांच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं. भर उजेडात बाहुल्या पसरून बुबुळं नुसती काळी झाली होती. कपाळावर घाम आणि हात बर्फासारखे गार.

"छातीत धडधडून राहिलं," हेसुद्धा ते हसत हसतच म्हणाले. मी त्यांच्या छातीवर, सदऱ्यावरूनच हात ठेवला आणि दचकून काढून घेतला.

"सिस्टर, यायले पाहा ना!" म्हणेपर्यंत त्यांची दातखीळ बसली, मान मागे गेली आणि अख्खं अंग झटके देऊ लागलं. डॉक्टर धावत आले, पट्ट्या ओढून काढल्या, ऑक्सिजन लावला, शिरेत इंजेक्शन दिलं. झटके थांबले तेव्हा नखं निळी पडली होती.

दुपारी शुद्धीवर आल्यावर यांनी मला ओळखलं. त्यानंतर डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं.

"पट्टीत कोकेन होतं."

"कोकेन? नशेचं?"

"तेच. त्याने नाक बधिर होतं, रक्तही कमी जातं. यांना ते जास्त चढलं. मेंदू असा पेटतो की माणसाला वाटतं, आपल्याला काहीही जमेल. त्याच वेळी रक्तवाहिन्या आवळतात, हृदय सुसाट पळतं. ते बंदही पडू शकलं असतं."

घरी आल्यावर हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवण नको, बोलणं नको. एका संध्याकाळी मी कणीक मळत होते.

"दुखून राहिलं का?"

"नाही वं. त्या बाकावर मले कोणाचंच भेव नव्हतं. असं कधीच झालं नाही." मग हळूच म्हणाले, "त्या औषधाचं नाव काय होतं?"

माझे हात कणकेतच थांबले. झटके, निळी नखं, यातलं त्यांना काहीच आठवत नव्हतं. लक्षात राहिला होता तो फक्त आनंद.

मी सगळं सांगितलं.

"मी मरून राहिलो होतो?"

"हो."

ते छातीवर हात ठेवून रडले. त्यांना रडताना मी प्रथमच पाहिलं.

ऑपरेशन पुढे हिवाळ्यात पूर्ण भूल देऊन झालं. आदल्या दिवशी मीच डॉक्टरांना दोनदा बजावलं, ते औषध नको. बाहेर आणलं तेव्हा हे डोळे मिटून गप्प पडले होते, आणि त्या गप्प असण्यानेच मला हायसं वाटलं.