पाटीच्या डोंगरावरची वाइन

नेपरव्हिलला आमच्या शेजारच्या घरात एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहायचे. मूळचे स्पेनचे, पण कुणी "स्पॅनिश का?" विचारलं की मान हलवून "कॅटलान" म्हणायचे, म्हणजे स्पेनमधल्याच, पण स्वतःची वेगळी भाषा असलेल्या प्रांतातले. पत्नी जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी कॅलिफोर्नियात होती. मी आणि नवरा घरात त्यांचा उल्लेख आजोबा असाच करायचो. तोंडावर काय हाक मारावी ते न कळून मी कित्येक महिने नुसत्या "हॅलो"वर भागवलं.

२००३च्या हिवाळ्यात ते ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून घसरून पाठीवर पडले. मी तेव्हा डिपेंडंट व्हिसावर होते, नोकरीची परवानगी नव्हती. नवरा सकाळच्या ट्रेनने शिकागोला गेला की खिडकीशी उभं राहायचं हा माझा मोठाच उद्योग होता. म्हणून ते पडलेले मला लगेच दिसले. अँब्युलन्स येईपर्यंत मी त्यांच्या अंगावर घरातली रजई टाकून शेजारी बसून राहिले. डोक्याला मागून मार लागला होता. हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा वरवर तरी अगदी ठणठणीत होते.

मी अधूनमधून वरण, खिचडी असं काहीतरी घेऊन जायला लागले. एकदा गेले तर दारातच थबकले. स्वयंपाकघरात मासळी सडल्याचा असा वास की पदर असता तर नाकाला लावला असता. आणि आजोबा टेबलाशी बसून शांतपणे पाव खात होते.

"तुम्हाला वास येत नाहीये?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "पडल्यापासून नाही. डॉक्टर म्हणतात, येईल किंवा येणार नाही." मग म्हणाले, "तू ते काळे दाणे तेलात टाकतेस ना, ते मला अंगणात कळायचं. मला वाटायचं, चला, दुपार झाली."

माझ्या मोहरीच्या फोडणीवरून इथे कुणी दुपार ओळखत होतं, हे मला तेव्हा कळलं. मी ओट्यावरची मासळीची पिशवी उचलून बाहेरच्या डब्यात टाकली आणि खिडक्या उघडल्या.

खरं दुःख काय आहे ते त्यांनी बर्फ वितळायला लागल्यावर सांगितलं. त्यांच्या बेसमेंटमध्ये लाकडी फळ्यांवर लाल वाइनच्या बाटल्या आडव्या ठेवलेल्या होत्या. प्रिओरात नावाच्या डोंगराळ भागात त्यांच्या घराण्याच्या द्राक्षवेली होत्या, समुद्रापासून फार लांब नाही, पण उतार इतका उभा की खेचरंसुद्धा जपून पाय टाकतात. धाकटा भाऊ तिथेच राहून वाइन करायचा आणि दरवर्षी अमेरिकेला येणाऱ्या कुणा ना कुणाबरोबर थोड्या बाटल्या पाठवायचा. आजोबा वर्षाच्या क्रमाने त्या लावून ठेवायचे. गावी जाणं पत्नीच्या आजारपणापासून बंदच झालं होतं. बाटली उघडली की आपण जाऊन आलो, असं ते म्हणायचे.

"आता जीभ सांगते आंबट आहे, कडू आहे. बाकी काही नाही. तू मला नुसता वास सांगशील? प्यायलाच पाहिजे असं नाही."

नागपूरला आमच्या एकत्र कुटुंबात माझे थोरले काका पीत. संध्याकाळी ते दारात आले की मी वासावरून ओळखायची, आज जेवणं नीट होणार की ताटं उडणार. माझं नाक तयार झालं होतं ते त्या दारात. ग्लासला हात लावायचा नाही असं मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. पण समोर हा माणूस बाटली पोटाशी धरून बसला होता. नुसता वास घ्यायला काय जातं, असं मनाशी म्हणत मी ग्लास नाकाजवळ नेला.

"द्राक्षं," मी म्हटलं.

ते खदखदून हसले. "ते मलाही माहीत आहे!"

इंग्रजीत मला शब्दच सापडेनात. ते म्हणाले, "तुझ्या भाषेत सांग, मग आपण शोधू." मग मी सांगत गेले. जांभूळ. उन्हात वाळवलेली बोरं. थोडी संत्र्याची साल. आणि खाली, अगदी तळाशी, ओळखीचं काहीतरी होतं, पण नाव आठवेना. पुन्हा पुन्हा हुंगल्यावर ते हाती लागलं. शाळेतली दगडी पाटी ओल्या फडक्यानं पुसली की येतो तो वास!

पाटी म्हणजे काय ते समजावताना मी हवेत चौकट काढली, लिहून दाखवलं, पुसून दाखवलं. आजोबा उठले, खिडकीतल्या कुंडीमागून एक काळा, चपटा दगड आणून त्यांनी माझ्या हातात दिला. पाटीचाच दगड होता तो, कडेला पापुद्रे सुटलेला.

"आमच्याकडे माती नाही," ते म्हणाले. "डोंगरच्या डोंगर याचे आहेत. मुळं याच्या भेगांतून खाली पाण्यापर्यंत जातात." मग त्यांनी डोळे पुसले आणि ग्लास तोंडाला लावला.

त्यानंतर शुक्रवारी दुपारी मी जायला लागले. नवरा चेष्टा करायचा, "तुझं वर्क परमिट आलं की काय?" आजोबांनी माझ्याकडून एक शब्द घेतला, 'तुरट'. वाइन गिळल्यावर हिरड्यांना, जिभेला जे ओढल्यासारखं होतं ते त्यांना अजून कळत होतं, आणि आवळ्याचं, सुपारीचं वर्णन ऐकून त्यांनी ठरवलं की यासाठी हाच शब्द बरोबर आहे. त्यातला 'ट' ते दाताशी म्हणायचे.

मे महिन्यात एका शुक्रवारी त्यांनी पत्नी गेली त्या वर्षाची बाटली काढली. मी हुंगलं आणि म्हटलं, "राख."

"वाइन मुरवतात त्या ओकच्या पिंपाचा वास असेल तो."

"नाही. लाकडाचा नाही. चूल विझवल्यावर पाणी मारतो ना, तसा. ओली राख."

ते चिडले. बाटली खराब झाली असेल म्हणून त्याच वर्षाची दुसरी उघडली. तीही तशीच. मग ते बराच वेळ लेबलाकडे बघत बसले आणि एकदम उठून त्यांनी भावाला फोन लावला. मला कॅटलान कळत नव्हतं. आधी यांचा आवाज चढला, मग उतरला, मग बराच वेळ हे नुसतंच ऐकत होते.

फोन ठेवून ते म्हणाले, "त्या उन्हाळ्यात समोरच्या डोंगराला वणवा लागला होता. आमच्या बाजूलाही आला. वडिलांनी लावलेल्या वेली होत्या, वरच्या अंगाला. त्या गेल्या. उरलेल्या द्राक्षांत धूर बसला." टेबलावर हात आपटून म्हणाले, "आणि हा मला सांगत नाही! म्हणतो, तुझी बायको मरत होती, तुला काय सांगायचं."

जे बोलले ते आधी ठरवलेलं नव्हतं. मी म्हटलं, "माझे थोरले काका मागच्या वर्षी वारले. मला आईनं तेरावं झाल्यावर सांगितलं. मी विचारलं, आधी का नाही कळवलंस? तर म्हणाली, तू एवढ्या लांब, एकटी, काय करणार होतीस बाळा?"

"तुला राग आला?"

"त्यांच्यावर आधीपासूनच राग होता. ते प्यायचे. ते गेल्यावर मला रडू आलं नाही. पण माझ्याशिवाय घरात सगळं उरकून गेलं, मी इथे त्या दिवसांत सेलमध्ये पडदे शोधत हिंडत होते, याचं फार लागलं."

काकांबद्दल त्यांनी आणखी काही विचारलं नाही, आणि वाइनचा ग्लास हळूच माझ्यासमोरून बाजूला सरकवला. मीच तो पुन्हा ओढून घेतला आणि एक घोट घेतला. राख, जांभूळ, आणि मग तुरट, खूप तुरट. नागपूरच्या दारातला तो वास त्यात कुठेच नव्हता. मला उगाचच वाटत आलं होतं की असेल.

त्या रविवारी फोनवर मी आईला वाइनचं सांगून टाकलं. ती म्हणाली, "किती?"

"एक घोट."

"बरं," आई म्हणाली. "आणि यापुढे मीही तुला सगळं वेळेवर सांगत जाईन. मग रडत बसू नकोस."

आजोबा सप्टेंबरात द्राक्षतोडणीला गावी गेले. तीन आठवडे म्हणून गेले आणि परत आलेच नाहीत. पुढच्या वसंतात त्यांची मुलगी घर विकायला आली. कुरळ्या केसांची, चटपटीत बाई. आम्ही ड्राइव्हवेवर उभ्या राहून बोललो.

"वास येतो का आता त्यांना?" मी विचारलं.

"नाही. डॉक्टर म्हणतात, आता येणार नाही. पण माझे काका आणि ते दोघं मिळून वरच्या उतारावर नव्या वेली लावतायत. त्यांची वाइन व्हायला वर्षं लागतील, बाबा तोवर असतील की नाही कोण जाणे. मी म्हटलं तसं, तर म्हणाले, ते वेलीला सांगू नकोस." ती हसली. "आणि गावात दिसेल त्याच्या हातात ग्लास देऊन विचारतात, वास कसला येतो? लोक रस्ता बदलायला लागलेत."

तिने उरलेल्या बाटल्या आम्हाला दिल्या. २००७ साली माझं वर्क परमिट आलं, शॉमबर्गला नोकरी लागली, शुक्रवारच्या दुपारी ऑफिसात जायला लागल्या. अशाच एका कंटाळवाण्या संध्याकाळी, थालीपीठं झाल्यावर, मी त्यांतली एक बाटली उघडली. नवऱ्यानं ग्लास हातात घेऊन सवयीनं विचारलं, "कशी आहे?"

मी सांगणारच होते, पण थांबले. इतके दिवस मी सांगत होते ते ज्याला वास येत नव्हता त्याच्यासाठी.

"तुला येतो ना वास?" मी म्हटलं. "मग तूच बघ."

त्यानं ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि तो पुन्हा पुन्हा हुंगत राहिला. मीही घाई केली नाही.