इसाक आणि कालचं पाणी

इसाक पखाल्याला आता ओळखणारे लोक म्हणतात, काय शांत माणूस आहे. त्यांनी आधीचा इसाक पाहिलेला नाही. तेव्हा शिळं पाणी दिसलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पाठीवर चामड्याची मशक घेऊन तो पहाटे मोहल्ल्यात घरोघर पाणी भरायचा, आणि दारात आला की पहिलं काम म्हणजे कालचं पाणी मोरीत ओतून द्यायचं. मग काथ्यानं भांडं घासायचं, मग नवं भरायचं. एखादी बाई म्हणाली की असू दे, अर्धं भरलेलं आहे, तर हा तोंड वाकडं करून तिच्यादेखत ओतणार.

गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, तो काठाला कधी मशक भरायचा नाही. थंडीत कुडकुडत का होईना, कमरेइतक्या पाण्यात जाऊन मधल्या धारेत बुडवायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, एवढी हौस कशाला? पाणी तेच की."

"काठाला सगळं गाव पाय धुतं, नाथाभाऊ," तो म्हणाला. "आत कोण जातंय?"

मी नाशिकच्या तांबट आळीतला. दिवसभर तांब्याची भांडी ठोकायची, हा माझा धंदा. दुपारी इसाक माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकायचा आणि मी ठोकलेल्या हंड्यांना नावं ठेवायचा. बुडाला घाण साचते, तोंड अरुंद आहे, हात आत जात नाही. मी त्याला शिव्या द्यायचो. आमची दोस्ती ही अशी. त्याच्या मशकीतलं पाणी मात्र मी कधी तोंडाला लावलं नाही. आमच्या आळीत चामड्यातलं पाणी चालत नसे, आणि त्यानंही कधी पुढं केलं नाही.

सिंहस्थाच्या गर्दीत भिका तांडेल नावाचा एक कोळी चेंगरून माझ्या पायरीवर येऊन पडला. पाय मुरगळलेला, शुद्ध हरपलेली. इसाकनं तोंडावर पाणी मारून त्याला उठवलं आणि मी चार दिवस घरात ठेवून घेतलं. हा भिका सातपाटीचा. स्वतःची शिडाची होडी होती त्याची. जाताना म्हणाला, "एकदा आमच्या दर्यावर या. खोल पान्यातली मासेमारी दावतो." गोड बोलणं म्हणून आम्ही सोडून दिलं असतं, पण पुढच्या वर्षी त्यानं पुन्हा निरोप धाडला, आणि इसाक हट्टालाच पेटला. मोठं पाणी बघायचं होतं त्याला.

नेमका रमजान चालू होता. सफरीत रोजा माफ असतो, असं त्याला मौलवींनीच सांगितलं होतं. पण इसाकला माफी घ्यायची सवय नव्हती.

सातपाटीला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. रोजा सोडून झाल्यावर इसाक एकटाच लाटांपर्यंत गेला, बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला. समुद्र खारट असतो हे त्यानंही ऐकलेलं होतंच. पण सकाळी गावामागं मिठागरं दिसली, मिठाचे पांढरे ढीग दिसले, तेव्हा त्याच्या डोक्यात काहीतरी बसलं असावं. मला तेव्हा कळलं नाही. मी होडीकडं बघत होतो आणि घरी परतावं का याचा विचार करत होतो.

होडीत भिका, त्याचे दोन खलाशी आणि आम्ही दोघं. जमीन मागं बारीक होत गेली आणि मग दिसेनाशी झाली. तिथं मला पहिला धक्का बसला. गंगेला पूर आला तरी पलीकडचं काहीतरी दिसतं. एखादं देऊळ, झाडाचा शेंडा, काहीतरी. इथं चारी बाजूंनी नुसतं पाणी, आणि माणसानं धरायचं काय तर एक फळी. होडी डुलायची थांबेना. मी होडीच्या काठावर मान टाकून पडलो आणि खाल्लेलं सगळं समुद्राला देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. शीड पोतेऱ्यासारखं लोंबत होतं. भिका आणि खलाशी पुढच्या टोकाला जाळं ओढण्यात गुंतले होते. माझ्यामागं पाणी ओतल्याचा आवाज आला, मग काथ्यानं लाकूड घासल्याचा. इतका ओळखीचा आवाज होता की मला नाशिकला सकाळी अंथरुणात पडून शेजारच्या मोहल्ल्यातलं ऐकत असल्यासारखं वाटलं, आणि मी डोळेही उघडले नाहीत.

ऊन चढल्यावर भिका घामाघूम होऊन मागं आला. पाण्याचं लाकडी पिंप मागच्या बाजूला बांधलेलं होतं. त्यानं करवंटी बुडवली, तोंडाला लावली आणि फुर्रकन थुंकला. करवंटीकडं बघितलं. पुन्हा बुडवून नुसती जीभ लावली.

"पिंपात काय घातलाव?"

"ताजं भरलंय, तांडेल," इसाक म्हणाला. खुशीत होता. "कालच्याला लाकडाचा वास येत होता, आतून बुळबुळीत झालं होतं. ते ओतून दिलं."

भिका फळीवर खाली बसला आणि त्यानं शिडाकडं बघितलं. खलाश्यांचे हात जाळ्यावरच थांबले.

"इसाक," मी म्हटलं, "अरे, हे समुद्राचं पाणी आहे."

"काठाचं खारट असतं," तो म्हणाला. "मिठागरं काठालाच आहेत ना? इतक्या आत कोण मीठ टाकायला येतंय?"

रोजा असल्यानं भरताना त्यानं चाखून बघितलं नव्हतं. एरवी घोटभर चाखल्याशिवाय तो कुणाचं भांडं भरत नसे. आता तो उठला, पिंपात हात घालून बोटं जिभेला लावली आणि थुंकला. मग वाकून समुद्रातून ओंजळ भरली, तीही चाखली, तीही थुंकली. दुसऱ्या बाजूला गेला, तिथलंही बघितलं. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. घरातलं माणूस दारातच परक्यासारखं वागावं तसा तो पाण्याकडं बघत होता.

"एवढं सगळं पाणी, नाथाभाऊ," तो म्हणाला. "एवढं सगळं?"

मला राग यायला हवा होता, पण मी इतका हबकलो होतो की तेव्हा रागही येईना. जन्मभर लोकांना पाणी पाजणाऱ्या माणसानं आमचं पाणी ओतून दिलं होतं. तेही त्याच्या इमानदारीपायी.

भात शिजवायच्या पाण्याचं मडकं सकाळीच रिकामं झालं होतं. वारा असता तर दुसऱ्या दिवशी किनारा लागला असता, आणि वारा नव्हता. भिकानं आमची धोतरं समुद्रात भिजवून अंगावर टाकायला लावली आणि कुणी बोलायचं नाही असं सांगितलं. बाकीचे तग धरून होते. मी आधीच ओकून ओकून कोरडा झालेला. दुपारनंतर माझी जीभ टाळूला चिकटली, हातापायांत गोळे यायला लागले. भिका खलाश्याला हळूच म्हणाला, "ह्यो रात काढनार नाय." ते मला स्पष्ट ऐकू आलं. आपल्याबद्दल असं बोललेलं ऐकणं म्हणजे काय, ते सांगता येत नाही. मी मरणार होतो, आणि माझ्या चारी बाजूंनी पाणी होतं.

इसाक माझ्या डोक्याशी पागोटं ताणून सावली धरून बसला. दिवसभर तो हलला नाही.

सूर्य बुडाला तेव्हा दुसऱ्या गावची एक लहान होडी वल्ही मारत जवळून चालली होती. भिकानं हाका मारल्या. त्यांच्याकडंही थोडंच उरलं होतं. तरी त्यांनी तळाशी पाणी असलेलं एक मडकं दिलं आणि ते पुढं गेले.

भिकानं मडकं सरळ इसाकपुढं धरलं. "मियाँ, पयला तू घे. तुझा रोजा हाय."

"आधी नाथाभाऊ," इसाक म्हणाला.

त्यानं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि बारीक धार सोडली, थेंब इकडंतिकडं जाऊ न देता. मी गिळलं की थांबायचा, मग पुन्हा सोडायचा. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्याच्या हातचं पाणी मी पहिल्यांदा प्यायलो. मग त्यानं दोघा खलाश्यांना पाजलं, मग भिकाला. शेवटी 'बिस्मिल्ला' म्हणून मडकं स्वतःच्या तोंडाला लावलं आणि डोळे मिटून बराच वेळ तसंच धरलं. त्याचा कंठ हललेला मी पाहिला. त्याचा रोजा सुटला म्हणून मला बरं वाटलं.

रात्री वारा आला. सकाळी उन्हं वर यायच्या आत आम्ही सातपाटीला लागलो. वाळूतून चालताना भिकानं माझा दंड धरला होता.

"तुला सांगू का?" तो म्हणाला. "मला पाजला तवाच मडका संपला. शेवटचा थेंब माझ्या जिभेवर पडला. त्यानं तोंडाला लावला तो रिकामा होता."

"मग तू बोलला का नाहीस?"

"बोलून त्याला काय देनार होतो?"

मी मागं वळून बघितलं. इसाक भिंतीचा आधार शोधत चालावं तसा हवेत हात धरून येत होता. ज्याच्यावर मी मरता मरता मनात जळफळत होतो, तो हा माणूस. भिकानं आणि मी त्याला दोन्ही बाजूंनी धरून घरापर्यंत आणलं.

अंगणात भिकाची बायको कुसाबाई होती. इसाकचे फुटलेले ओठ बघून ती आत धावली आणि तांब्या घेऊन आली, पण द्यायला अडखळली. गोड्या पाण्याची विहीर गावाबाहेर लांब होती.

"आजून पान्याला गेले नाय, भाऊ," ती ओशाळून म्हणाली. "ह्यो कालचा हाय. शिला पानी हाय."

त्या दिवसाचा मोडलेला रोजा इसाकनं पुढं ईदनंतर धरून फेडला. त्या सकाळी अंगणात मात्र त्यानं दोन्ही हातांनी तांब्या घेतला, तळापर्यंत प्यायला आणि रिकामा तांब्या तिच्यापुढं धरला.

"अजून आहे का?" तो म्हणाला. "कालचंच द्या."