रिव्हॉल्वरची कच्ची शिलाई

माईंच्या गळ्यात काळ्या फितीला बांधलेली एक कात्री सदैव लोंबत असे. दागिना म्हणावा तर तोच. शिवणकामात उभा जन्म घालवलेल्या या बाईंना विधात्याने हात फार नेटके दिले होते, पण हातातली वस्तू कुठे ठेवली याचे स्मरण मात्र देताना आखडते घेतले होते. चष्मा कपाळावर असताना सारे घर धुंडाळावे, खडू कानावर असताना त्याच्यासाठी टेबलाखाली वाकावे, हा त्यांचा नित्यनेम. कात्रीला फीत बांधून दिली ती त्यांच्या यजमानांनी. "आता ही हरवलीस तर तू स्वतःच हरवली असशील," असे ते म्हणाले होते. यजमान गेले, फीत राहिली.

घर अरुंद होते. खाली शिवणाची खोली, वर राहायच्या दोन खोल्या. पुढचे काचेचे दार रस्त्यावर उघडे, मागचे बोळात. डावीकडची भिंत शेजारच्या बेकरीशी सामाईक होती आणि पलीकडे भट्टी असल्यामुळे ती बारा महिने ऊबदार असे. इस्त्री केलेले कोट माई त्याच भिंतीशी टांगत. बेकरीवाला रात्रभर कणीक तिंबी, पहाटे पाव काढी आणि दुपारी झोपे. "माई, तुमचं मशीन थांबलं की माझी झोप मोडते," असे तो म्हणे. आणि "मग मजुरी दे की अंगाईची," असे माई त्याला सुनावीत. असा तो संसार. एकटीचा, पण एकाकी नव्हे.

त्या संसाराला एके संध्याकाळी तडा गेला. अंथरुणाला खिळलेल्या एका गिऱ्हाइकाच्या अंगावर झगा घालून पाहण्यासाठी माई गेल्या होत्या. परतल्या तेव्हा मागच्या दाराची कडी उचकटलेली, खण उपसलेले, आणि गिऱ्हाइकांचे तयार कोट इस्त्रीसकट नाहीसे झालेले. चोर कुणी पाहिला नाही, तो पुन्हा आलाही नाही. तरीही तो गेला असे माईंना वाटेना. भय हा असा पाहुणा आहे, की ज्याला निरोप देण्याची रीत कुणी शिकवलेली नसते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी शिवणयंत्र खिडकीपासून ओढून मागच्या दारासमोर आणले. पाठीमागून कुणी येऊ नये एवढाच हेतू. परंतु खिडकीचा उजेड आता पाठीवर पडू लागला, सुईवर त्यांचीच सावली येऊ लागली, आणि ज्या हाताची शिवण पाहून लोक वाखाणणी करीत, त्या हाताला काळ्या कापडावरचे टाके उसवून पुन्हा घालावे लागले.

मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत असे. एकुलता एक, आईवर जीव टाकणारा, आणि म्हणूनच जरा हुकूमशहा.

"आई, दोनच रस्ते आहेत," तो म्हणाला. "एक तर आमच्याकडे राहायला ये. तुझ्या सुनेनं खोलीला पडदेसुद्धा लावलेत."

"पाहिलेत. एका बाजूला बोटभर खाली आलेत."

"आई."

"अरे, तुझ्या घरी मला सगळं मिळेल. फक्त सकाळी उठून करायला काही मिळणार नाही."

"मग दुसरा रस्ता. रिव्हॉल्वर घे. लहान मिळतं, पर्समध्ये मावतं. आमच्या ऑफिसातल्या एक बाई एकट्या राहतात, त्यांनी घेतलंय. परवान्याचं मी बघतो. पण महिनाअखेरीपर्यंत ठरव. नाही तर मी टेम्पो घेऊन येणार आणि तुला मशीनसकट उचलून नेणार."

त्याच्या बोलण्यातली थट्टा वरवरची होती, हे माईंनी ओळखले. टेम्पो खरोखरच आला असता. ही ऊबदार भिंत, हे टेबल, रस्त्यावरून जाता जाता काचेवर टिचकी मारणारी माणसे, सारे त्या एका होकार-नकारावर येऊन ठेपले होते.

शस्त्रांच्या दुकानात माई एकट्याच गेल्या. दुकानदार वयस्क, मृदुभाषी गृहस्थ होते. त्यांनी हिरवे कापड मढवलेल्या पाटावर एक आखूड नळीचे रिव्हॉल्वर ठेवले, त्यातली गोळ्यांची चकती उघडून ती रिकामी असल्याचे आधी दाखवले, मगच ते पुढे सरकवले.

माईंनी प्रथम कापडाकडे पाहिले. "हे कुणी कापलं?"

"मीच."

"वाटलंच."

दुकानदार खळखळून हसले. त्या हसण्यानंतर व्यवहार सोपा झाला. माईंनी ते हातात घेतले. लहान खरे, पण आपल्या आकाराहून जड. निजलेले मूल जसे वाटते तसे.

"हे बघा बाई," ते म्हणाले, "वस्तू चांगली आहे. शिकायला यावं लागेल, मी शिकवीन. पण एक नियम ऐका. हे एक तर अंगावर असावं, नाही तर कुलपात असावं. मधे कुठंही ठेवायचं नाही. टेबलावर नाही, खुर्चीवर नाही, 'आत्ता घेते' म्हणून कशाखाली नाही."

माईंचा हात आपसूक गळ्यातल्या कात्रीकडे गेला. "ट्रायल मिळते का?"

"म्हणजे नेम धरून बघायची?"

"छे. घरी नेऊन वागवायची. मी कापड कापायच्या आधी कच्च्या टाक्यांवर अंगात घालून बघते. बाईला बसायला लावते, वाकायला लावते. आरशासमोर उभं राहिलं की सगळंच छान दिसतं हो."

"ते मात्र मला करता येणार नाही," दुकानदार गंभीरपणे म्हणाले.

"मग मापं तरी घेऊ द्या."

आणि माईंनी टेप काढून रिव्हॉल्वरची लांबी, रुंदी, मुठीचा घेर अशी मापे घेतली, दुकानातल्या काट्यावर वजनही करून घेतले. "बंदुकीचं माप घेणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदाच पाहिलं," दुकानदार पुटपुटले. "कमरेत ढिलं करायचं का तेवढं सांगा."

पडदे सरळ लोंबावेत म्हणून त्यांच्या काठात शिशाच्या चकत्या शिवतात. तशा चकत्या घेऊन, जाड लोकरीत गुंडाळून, वर कोटाच्या काळ्या कापडाचे आवरण शिवून माईंनी त्याच आकाराची, त्याच वजनाची एक पिशवी केली. कच्च्या टाक्यांचेच काम होते. पण हाताला राहवेना. कडा दुमडल्या, आतून अस्तर दिले. मग ती पिशवी एप्रनच्या खिशात घालून त्या आपल्या दिनक्रमाला लागल्या.

अनुभव संमिश्र आला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. बोळात पाऊल वाजले की हात खिशाकडे जाई, आणि त्या वजनाने जिवाला खरोखरच आधार वाटे. परंतु एप्रन एका अंगाला ओढला जाई. झग्याचा घेर टाचायला गुडघ्यांवर बसल्या, तर ते धूड पोटात रुते. मशीनवर बसल्या की मांडीवर आपटे. तेव्हा त्या ते काढून शेजारी ठेवीत, आणि ठेवल्यावर स्वतःलाच दटावीत: मधे ठेवायचं नाही. कुलपात ठेवून पाहिले. मग किल्ली सापडेना. ती दुपारी खडूच्या डब्यात निघाली. तरी माईंनी धीर सोडला नाही. नवा जोडाही आधी चावतोच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. महिनाअखेर जवळ आली तेव्हा त्यांचा कौल घेण्याकडेच झुकला होता. मुलाच्या घरच्या पडद्यांपेक्षा मांडीवरचे वजन पत्करले.

त्याच दिवसांत ग्रंथपालांचा कोट दुरुस्तीला आला होता. हे ग्रंथपाल मितभाषी, सौम्य; वाचनालयात आयुष्यभर हळू बोलून बोलून त्यांचा आवाजच तेवढा उरला होता. कोटाचे खिसे फाटले होते. माईंनी नवे लावले, कोट नेऊन दिला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथपाल पुन्हा दारात उभे.

"माई, खिसे उत्तम झालेत," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. "पण हे उजव्या खिशातलं काय आहे, ते कळलं नाही. वाऱ्यानं कोट उडू नये म्हणून सोय असेल, असं मी धरून चाललो."

त्यांनी टेबलावर ठेवली ती शिशाची पिशवी होती. तिच्या मुठीला गुलाबी रिबिनीची गाठ होती, आणि दुसऱ्या टोकाला खडूचे दोन डोळे.

"नातीनं काढली खिशातून," ग्रंथपाल ओशाळून सांगू लागले. "तिच्या मते हे कासव आहे. रात्री उशाशी घेऊन झोपली. डोळे तिनंच काढलेत. पुसले जातील ना?"

माई खाली बसल्या. सारे लख्ख आठवले. खिशाला वजन पेलते का, कोट ओढल्यासारखा दिसतो का, हे पाहण्यासाठी प्रत्येक शिंपी खिशात काही जड घालून बघतो. हाताशी पिशवी होती, ती घातली. कोट भिंतीशी टांगला, चार पावले मागे येऊन पाहिला, झोक आवडला. तेवढ्यात काचेवर टिचकी वाजली, कुणाला तरी बटणे हवी होती. मग कोटाची घडी, वर कागद, कागदाला दोरा.

आणि त्याहून मोठी गोष्ट निराळीच होती. काल दुपारपासून आपला खिसा रिकामा आहे, हे माईंना या क्षणापर्यंत कळलेच नव्हते.

"पाणी देऊ का?" ग्रंथपालांनी घाबरून विचारले. "मी काही चुकीचं बोललो का?"

"नाही हो. तुम्ही माझी ट्रायल पुरी केलीत." माईंनी पिशवीवरची रिबीन नीट केली. "डोळे राहू देत. तिला सांगा, कासव माझ्याकडे सुखरूप आहे."

कापड कापण्याआधी दोष सापडला तर चांगला शिंपी खिन्न होत नाही; कापड वाचले म्हणून त्याला समाधानच वाटते. माईंच्या मनात त्या दुपारी ज्या समाधानाने पाऊल टाकले, ते त्याच जातीचे होते. त्या शस्त्रांच्या दुकानात जाऊन नकार सांगून आल्या. दुकानदारांनी हकीकत ऐकली, हसू आवरले आणि म्हणाले, "माझ्याकडून नेलेल्या कितीतरी जणी नीट सांभाळतात. तुमचा हात त्यातला नाही. हे तुम्हाला आज कळलं, हे फार चांगलं झालं."

"अजून एक कळलंय. हे कापड पाठवून द्या माझ्याकडे. नीट कापून देते."

परंतु मुलाला काय सांगायचे, हा प्रश्न उभाच होता. त्या रात्री माई ऊबदार भिंतीला पाठ टेकून बसल्या. पलीकडून परात आपटल्याचा आवाज आला, कुणीतरी कुणाला तरी शिव्या घातल्या, कुणी हसले. ज्या वेळेला आपल्याला सर्वाधिक भय वाटते, त्याच वेळेला या विटांच्या पलीकडे चार धट्टीकट्टी माणसे जागी असतात. ही गोष्ट इतकी नित्याची होती की ती कधी जाणवलीच नव्हती. सकाळी त्यांनी बेकरीवाल्याला गाठले.

"भाऊ, माझ्या बिछान्याशी दोरी आणि तुझ्या भट्टीशी घंटी, असं जमेल?"

"माई, इतकी वर्षं भिंत एक, आणि घंटी आत्ता सुचली?"

"चोर यायचा होता ना आधी. आणि दिवसा तू घोरत असलास म्हणजे?"

"दिवसा गल्ल्यावर माझी बायको असते. चोरानं रात्रीच यावं, त्याच्याच भल्यासाठी सांगतो."

भिंतीला भोक पडले, पलीकडे भट्टीशी घंटी लागली. दोरीचे एक टोक बिछान्याशी आले, दुसरे खाली शिवणाच्या खोलीत. मागच्या दाराला आडवा लोखंडी अडसर बसला.

महिनाअखेरीस मुलगा भल्या सकाळी, ऑफिसच्या आधी आला.

"घेतलंस?"

"घेतलं."

"कुठंय?"

"ती दोरी ओढ."

त्याने ओढली. तो काही विचारणार, तोच पुढचे दार धाडकन उघडले. पाव काढायचे लांब दांड्याचे फावडे भाल्यासारखे धरून बेकरीवाला आत आला. मागे त्याचे दोन कारागीर, कोपरापर्यंत पिठाने माखलेले. एकाच्या हातात लाटणे.

"कुठंय तो?"

मुलाने दोन्ही हात वर केले.

"भाऊ, हा माझाच आहे," माई म्हणाल्या.

"तुमचाच आहे हो," बेकरीवाल्याने फावडे खाली घेत निरखून पाहिले. "पण पाठमोरा अगदी चोर दिसतो."

मुलगा हसू लागला, आणि हसता हसता खुर्चीत बसला. तरी लेकाच्या मनातली काळजी सहजी जात नाही. बेकरीवाले गेल्यावर तो म्हणाला, "ठीक आहे. पण आई, तू ही दोरीसुद्धा विसरशील."

"दोरी भिंतीला आहे, बाळा. भिंत मी अजून कुठं ठेवून विसरले नाही."

त्याने अडसर दोनदा लावून काढून पाहिला, खिडकीला जाळी बसवून घेण्याचे वचन आईकडून वसूल केले, आणि टेम्पोचे नाव पुन्हा काढले नाही. मग त्याची नजर मशीनकडे गेली.

"हे असं उलटं का ठेवलंयस? तुझीच सावली पडते."

"दारावर लक्ष असावं म्हणून."

"आता कशाला?" तो उठला, कोटाच्या बाह्या वर सारल्या आणि मशीन एका टोकाने उचलले. माईंनी दुसरे टोक धरले. जुन्या जागी, लादीवरच्या जुन्या चार खळग्यांत, त्याचे पाय अचूक बसले.

तो गेल्यावर माई कामाला बसल्या. खिडकीतला उजेड डावीकडून सुईवर पडला होता आणि काळ्या कापडावरचा काळा दोरा स्वच्छ दिसत होता. टेबलावर कागदी नमुना पसरलेला होता. तो उडू नये म्हणून त्यावर शिशाचे कासव बसले होते, गळ्यात गुलाबी रिबीन, खडूचे डोळे जरा पुसट. पाठीशी दार होते. दुपार होईपर्यंत माईंनी एकदाही मागे वळून पाहिले नाही. मधूनमधून तेवढा चष्मा शोधला, आणि तो कपाळावर सापडला.